एक रविवार आणि पाच उन्हाळे

जव्हारला मी पहिल्यांदा गेलो तो झाडं लावायला. तसं जव्हार ऐकून माहीत होतं. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, पावसाळ्यातलं धुकं, "ठाण्याचं महाबळेश्वर" वगैरे. पण आमचं निमित्त वेगळं होतं. आमच्या सोसायटीत बागकामाची हौस असलेल्यांचा एक गट आहे. रविवारी सकाळी सोसायटीची बाग बघायची, गच्चीवर ड्रमात मिरच्या-टोमॅटो लावायचे, ओल्या कचऱ्याचं खत करायचं, आणि उरलेला वेळ एकमेकांच्या मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत यावर चर्चा करायची. अशातच कोणीतरी टूम काढली, की आपण आपल्यापुरतंच बघतो, एकदा गावाकडे जाऊन काहीतरी करूया. झालं! ओळखीतून एक पाडा ठरला, रोपवाटिकेतून रोपं आली, टी-शर्ट छापले गेले (आयटीवाले म्हटल्यावर टी-शर्ट पाहिजेच), आणि जुलैतल्या एका रविवारी पहाटे आम्ही मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारकडे निघालो.

दिवस मस्त गेला. पाऊस, चिखल, नाचणीची भाकरी, पाड्यावरची पोरं. गावच्या सामायिक जागेवर आम्ही आंबा, जांभूळ, आवळा, शेवगा असं जमेल ते लावलं. संध्याकाळी हात दुखत होते आणि मन प्रसन्न होतं. पुढचे पंधरा दिवस ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवून झाले.

पुढच्या मे महिन्यात मी आणि गटातला एक मित्र नाशिकहून परत येताना मुद्दाम वाकडी वाट करून तिथे गेलो. "आपली झाडं" बघायला. जगलेली रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्या जागी वाळलेल्या काड्या, काही ठिकाणी नुसताच खड्डा. पाड्यावर माणसंही फारशी नव्हती. एका घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. ते पाणी त्यांनी किती लांबून आणलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. झाडांचा विषय निघाला तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, "लावलीत ती बरी लावलीत. पण दादा, उन्हाळ्यात पाणी कोन घालनार व्हता?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. घरी आल्यावर मी जव्हार-मोखाड्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की आजींचा प्रश्न या दोन तालुक्यांत गेली कितीतरी वर्षं विचारला जातोय. काही लोकांनी त्याचं उत्तरही शोधलंय, आणि ते उत्तर बरंच लांबलचक आहे. आजचा लेख त्याबद्दल.

*

आधी पाण्याचं बघू. जव्हार आणि मोखाडा हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा डोंगराळ भाग. पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पुण्याच्या तीन-चार पट. तरी फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी आटायला लागतात आणि मे महिन्यात टँकर फिरतात. कारण साधं आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि जमीन उताराची. चार महिन्यांत पडलेलं पाणी धबाधबा वाहून वैतरणा, पिंजाळ, सूर्या या नद्यांतून समुद्राला मिळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बँडविड्थ भरपूर, स्टोरेज शून्य.

स्टोरेज अगदीच नाही असंही नाही म्हणा. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावापाशी १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. तिथून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरच्या आसपास पाणी मिळतं. वैतरणेवरचं मोडकसागर धरण तर १९५७ पासून मुंबईची तहान भागवतंय. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या लॉनवर सकाळी जो पाइप सोडला जातो, त्यातलं थोडं पाणी मोखाड्याचं असतं. आणि मोखाड्यात लावलेलं आंब्याचं रोप मे महिन्यात पाण्यावाचून मरतं. मुंबईला पाणी नको का, असा वाद मला घालायचा नाही. मीही तेच पाणी पितो. पण "गावाकडे जाऊन हिरवाई करूया" म्हणताना हा हिशोब डोक्यात असलेला बरा.

*

दुसरा मुद्दा जमिनीचा. बाग म्हटली की ती कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न आलाच.

जव्हारची एक गंमतशीर आख्यायिका आहे. इंग्रजांच्या ठाणे गॅझेटियरमध्येही ती नोंदवलेली आहे. जव्हारच्या मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने म्हणे तिथल्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हो म्हणाला. मग या पठ्ठ्याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्यात अख्खा डोंगर घेरून टाकला! हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही सांगतात. गोष्ट खरी असण्याचं कारण नाही, पण ती जगाच्या दोन टोकांना सांगितली जाते यावरून एक कळतं. जमीन चतुराईने दुसऱ्याकडे जाते, हा अनुभव सगळीकडचा आहे.

जव्हार हे स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत मुकण्यांचं संस्थान होतं. मोखाडा मात्र इंग्रजी मुलुखात, शहापूर तालुक्याचा एक पेटा. राज्य वेगळं असलं तरी दोन्हीकडच्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी लोकांची अवस्था फार वेगळी नव्हती. जंगल एक तर दरबाराचं नाहीतर जंगलखात्याचं, चांगली भातखाचरं सावकार-जमीनदारांकडे, आणि उताराची वरकस जमीन नाचणी-वरईपुरती यांच्याकडे. पश्चिमेला डहाणू-उंबरगाव भागात तर वेठबिगार होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही आयुष्यभर सावकाराकडे राबायचे, त्यांना "लग्नगडी" म्हणत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याच्या गोळीबारात पाच माणसं मेली, पण वेठ संपली. गोदावरीबाईंचं "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक त्याच लढ्याचं. अजून वाचलं नसेल तर जरूर वाचा.

त्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. वनहक्काचे प्लॉट नावावर व्हावेत म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. बागेच्या लेखात हे सगळं कशाला, असं वाटेल. पण विचार करा. आंब्याला फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. जमीन पाच वर्षांनी आपल्याकडे राहील याची खात्री नसेल तर आंबा कोण लावेल? नाचणी लावेल, चार महिन्यांत घरात येते.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागा जगभर नावाजल्या जातात. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी मॅनहॅटनमधल्या एका कचऱ्याने भरलेल्या ओसाड प्लॉटवर बाग केली आणि तिथून ती चळवळ पसरली. शहर तेव्हा कंगाल झालं होतं, प्लॉट कोणालाच नको होते. पुढे जमिनीचे भाव चढले, आणि १९९९ मध्ये महापौर जुलियानींनी शंभराहून जास्त बागा लिलावात काढल्या. वीस-पंचवीस वर्षं लोकांनी रविवारी घाम गाळून वाढवलेल्या बागा! शेवटी दोन संस्थांनी पैसे जमवून त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. थोडक्यात, स्वयंसेवकांचा उत्साह हा बागेचा पाया होऊ शकत नाही. पाया म्हणजे सातबारा :-)

*

आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसांचा.

मे महिन्यात त्या पाड्यावर माणसं का नव्हती? कारण ती वीटभट्टीवर होती. भात-नाचणीची कापणी झाली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली कित्येक कुटुंबं घराला काटेरी फांदी लावून भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर जातात. भट्टीमालक आधीच उचल देऊन ठेवतो, ती फेडायला जावंच लागतं. पोरंही बरोबर. मग परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. मागे उरतात म्हातारी माणसं, आणि चराईला मोकाट सोडलेली गुरं.

आता आंब्याच्या कलमाचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात ते सुखाने वाढतं. त्याला माणसाची गरज लागते ती नेमकी जानेवारी ते मे. पाणी घालायला, गुरांपासून राखायला, वणव्यापासून वाचवायला. म्हणजे झाडाला माणूस हवा तेव्हा माणूस भट्टीवर. आणि माणसाने भट्टीवर जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला घरी उत्पन्न हवं, ते देणार कोण, तर झाड. झाड जगायला माणूस थांबला पाहिजे, आणि माणूस थांबायला झाड जगलं पाहिजे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल. याला आम्ही डेडलॉक म्हणतो. दोन प्रोसेस एकमेकांची वाट बघत बसलेल्या, आणि दोघीही ठप्प.

आमच्या सिस्टिममध्ये डेडलॉक झाला तर सर्व्हर रीस्टार्ट करतो, ग्राहकाच्या चार शिव्या खातो. इथे परिणाम वेगळे असतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, विधानसभेत गदारोळ झाला. मुंबईपासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर हे घडलं, याचाच लोकांना जास्त धक्का बसला होता. पण वर्षातले सात महिने भट्टीवरच्या झोपडीत, उचलीच्या पैशावर आणि मिळेल त्या अन्नावर वाढणाऱ्या मुलांचं काय होणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

*

हा डेडलॉक सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न शेजारच्या गुजरातेत झाला. माणसाचं नाव मणिभाई देसाई. मूळचे सुरत जिल्ह्यातले. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो या तरुणाच्या हाती दिला. मणिभाई उरुळीलाच राहिले, आणि १९६७ साली त्यांनी बायफ ही संस्था काढली. बायफ म्हटलं की बहुतेकांना संकरित गाई आठवतात. पण १९८२ मध्ये, म्हणजे त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, दक्षिण गुजरातच्या वांसदा तालुक्यात त्यांनी आदिवासी कुटुंबांबरोबर "वाडी" नावाचा एक प्रयोग सुरू केला.

वाडी म्हणजे वस्ती नव्हे. आपल्या कोकणात माडा-पोफळीची वाडी असते, वसईत केळीची वाडी असते, त्या अर्थाची वाडी. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची साधारण एक एकर जमीन. तीही बहुधा घरापाशी असलेली, उताराची, हलकी. त्यात वीसेक आंबे, चाळीसेक काजू. कडेने सुबाभूळ, गिरिपुष्प, बांबू असल्या झाडांचं जिवंत कुंपण. त्याने गुरं अडतात, वारा अडतो, आणि सरपण व चारा मिळतो. झाडांच्या मधल्या जागेत नेहमीप्रमाणे नाचणी, वरई, उडीद, तूर, भाजीपाला. म्हणजे जमीन अडकून पडत नाही, पोटाला लागणारं पीक चालूच राहतं.

ऐकायला हे फार साधं वाटतं. मलाही वाटलं. पण यातली खरी अक्कल लागवडीत नाही, पुढच्या वर्षांच्या आखणीत आहे. उन्हाळ्यात मीटर-मीटरचे खड्डे खणायचे, म्हणजे कातळ फोडायचाच. पावसाच्या सुरुवातीला माती, पालापाचोळा आणि शेणखताने ते भरायचे. उताराला आडवे बांध घालायचे म्हणजे माती आणि पाणी जागेवर राहील. बी लावायचं नाही, चांगलं कलम लावायचं. उन्हाळ्यात रोपाशेजारी मडकं पुरायचं आणि त्यात पाणी भरायचं, ते हळूहळू झिरपून मुळांना मिळतं. अशाने एक हंडा कितीतरी जास्त पुरतो. आणि हे एकट्याने करायचं नाही. शेजारच्या कुटुंबांचा गट करायचा, एकमेकांच्या वाडीत कामाला जायचं. हे शेवटचं तर बाहेरून शिकवावंच लागलं नाही. एकमेकांच्या शेतात फेडीने राबायची पद्धत या भागात पूर्वापार आहे. कोकणात तिला सावड म्हणतात, देशावर इर्जिक. आम्ही त्याला टीमवर्क म्हणतो आणि शिकण्यासाठी रिसॉर्टला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे. सुरुवातीच्या वर्षांत कुटुंबाला स्वतःच्याच वाडीत केलेल्या कामाची मजुरी मिळेल अशी सोय केली. खड्डे खणलेस, मजुरी. बांध घातलेस, मजुरी. म्हणजे भट्टीवर न जाता दोन पैसे मिळाले, माणूस घरी थांबला, झाड जगलं. तीन-चार वर्षांनी काजू धरायला लागला, पाच-सहा वर्षांनी आंबा, आणि मग मजुरी बंद झाली तरी चालतं. डेडलॉक असा सुटतो. कोणीतरी बाहेरून येऊन पाच उन्हाळे खांद्यावर घ्यावे लागतात. एक रविवार पुरत नाही.

*

महाराष्ट्रात या विचाराला वेगळ्या बाजूने बळ मिळालं. आपल्याकडे रोजगार हमी होतीच. १९९० मध्ये सरकारने तिला फळबाग लागवडीची जोड दिली. शेतकऱ्याने आपल्या शेतात फळझाडं लावायची, मजुरी रोजगार हमीतून, आणि पुढच्या वर्षांचं अनुदान झाडं जगली असतील तरच. ही शेवटची अट मला फार आवडली. लावलेली झाडं मोजायची नाहीत, जगलेली मोजायची. कोकणातली आंबा-काजूची आणि देशावरची डाळिंब-बोराची कितीतरी लागवड या योजनेतून झाली. (आमच्या गटाला ही अट असती तर आम्हाला टी-शर्टचे पैसेही परत करावे लागले असते.)

जव्हार-मोखाड्यात वाडीचं काम आणलं ते बायफच्याच "मित्रा" या महाराष्ट्रातल्या संस्थेने. २००० सालापासून नाबार्डमार्फत जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीने नाशिक आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मोठा कार्यक्रम चालला. (पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) वाडीचा अनुभव चांगला आल्यामुळे नाबार्डने २००३-०४ मध्ये ५० कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी काढला आणि हीच पद्धत देशभरातल्या आदिवासी भागांत नेली. डांगच्या शेजारी सुरू झालेली गोष्ट ओडिशा-झारखंडपर्यंत पोचली.

पण जव्हारने यात आपली भर घातली, ती मोगऱ्याची. आंबा-काजूचं उत्पन्न उशिरा येतं, आणि आलं तरी वर्षातून एकदाच. मोगरा लवकर फुलायला लागतो, आणि त्याचा ऐन हंगाम उन्हाळ्यातला. म्हणजे नेमका भट्टीचा हंगाम! लग्नसराई असते, भाव मिळतो. पहाटे बायका-पुरुष कळ्या खुडतात आणि त्या त्याच दिवशी बाजाराला जातात. दादरच्या फूलबाजारात विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा आता ओळखीचा आहे. थोडं पाणी लागतं, पण दोन-चार गुंठ्यांत भागतं. रोज हातात पैसा यायला लागल्यावर घरातला एक तरी माणूस थांबतोच, आणि तो थांबला की शेजारच्या आंब्यालाही पाणी मिळतं. आमच्या सोसायटीत मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत यावर इतकी वर्षं वाद चालला होता. पाड्यावरच्या एका ताईंनी तो दोन मिनिटांत मिटवला. पानं काढा, छाटा, थोडा ताण द्या, मग पाणी द्या. आम्ही रोज पाणी घालून लाड करत होतो!

याच भागात बायफच्या मदतीने शेतकऱ्यांनी भात, नाचणी, वरई, वाल यांच्या जुन्या गावठी वाणांच्या बियाण्यांची बँकही उभी केली आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

*

इथपर्यंत वाचून सगळं छान झालं असं वाटेल, तर तसं नाही. वाडीला एकरभर जमीन लागते. ज्यांच्याकडे जमीनच नाही, उदाहरणार्थ बरेचसे कातकरी, ते या योजनेच्या दारातच थांबतात. काजू धरला तरी तो कच्चाच विकला तर व्यापारी सांगेल तो भाव. वांसद्याच्या शेतकऱ्यांनी त्यावर स्वतःची सहकारी संस्था काढून प्रक्रिया सुरू केली, पण ते सगळीकडे जमलेलं नाही. अवकाळी पावसाने मोहोर गळतो, त्याला कोणी काही करू शकत नाही. आणि भट्टीवर जाणारे टेंपो आजही दिवाळीनंतर भरून जातात. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून पुन्हा राज्यभर ओरड झाली. वावर-वांगणीनंतर जवळजवळ पाव शतकाने. त्यामुळे "यशोगाथा" हा शब्द मी वापरत नाही.

ज्यांना वाडी शक्य नाही त्यांच्यासाठी उरते परसबाग. घरामागे गुंठा-अर्धा गुंठा, भांडी घासलेलं आणि अंघोळीचं पाणी, त्यावर शेवगा, पपई, भोपळा, दोडका, वाल, लाल माठ. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाचा उपक्रम म्हणून २००६ मध्ये मोखाड्यात सुरू झालेल्या "आरोहन" संस्थेने आरोग्य-पोषणाच्या कामाला अशा परसबागांची जोड दिली. अंगणवाड्या आणि आश्रमशाळांच्या आवारातही परसबागा होतात. खरं तर पाड्यावर हे नवीन नाही. पावसाळ्यात कुडाच्या घरावर चढलेले भोपळ्याचे वेल आणि मांडवावरची काकडी कोणीही पाहिली असेल. पावसाच्या सुरुवातीला जंगलातून शेवळं, कुर्डू, टाकळा येतोच. प्रश्न पुन्हा उन्हाळ्याचाच. परसबागेचं कौतुक एवढंच, की तिच्यासाठी वेगळं पाणी आणावं लागत नाही, घरात एकदा वापरलेलं चालतं. आजीसुद्धा ते करू शकतात.

*

आता आमच्या गटाचं. मी हे सगळं वाचून आलो आणि रविवारी सांगितलं, तेव्हा चर्चा बरीच गरमागरम झाली. एक काका म्हणाले, "म्हणजे आपण जाऊच नये का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. घरी बसून दुसऱ्यांच्या चुका काढणं हे आम्हा लेख लिहिणाऱ्यांचं आवडतं काम, पण त्याने कोणाच्या झाडाला पाणी मिळत नाही.

शेवटी ठरलं ते असं. आम्ही जुलैत जाणं बंद केलं. त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये जातो. तेव्हा ओढे अजून वाहत असतात, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्यावर वनराई बंधारा घालता येतो. पन्नास माणसं असली की एका दिवसात होतो, आणि यात शहरातल्या अनाडी हातांचाही खरोखर उपयोग होतो. ओझं उचलायला अक्कल कमी लागते :-) पाणी दोन-तीन महिने जास्त टिकतं. बंधारा कुठे घालायचा ते गावातली माणसं सांगतात, आम्ही गोण्या वाहतो. आणि दरवर्षी रोपांवर, बसवर आणि टी-शर्टवर जे पैसे जायचे, ते आता पाड्यावरच्या काही कुटुंबांना त्यांच्याच जमिनीतल्या, त्यांनीच निवडलेल्या झाडांच्या राखणीसाठी देतो, जानेवारी ते मे. रक्कम छोटी आहे. आणि पाच वर्षं देऊ असं आधी कबूल केलंय. गटातल्या दोघांना हे पटलं नाही, ते आता येत नाहीत. फोटोही पूर्वीसारखे येत नाहीत. गोण्यांच्या ढिगाचा फोटो कोण बघणार?

गेल्या मे महिन्यात गेलो होतो. आमच्या हिशोबाने तो दुसरा उन्हाळा. झाडं सगळी नाहीत, पण बरीचशी उभी होती. गुडघ्याएवढी. ओट्यावर त्याच आजी होत्या, पण या वेळी त्यांची सूनही घरी होती, आणि ती हंडा घेऊन आंब्याकडे निघाली होती. मी उगाचच मदत करायला गेलो आणि अर्धं पाणी वाटेत सांडलं. तिने काही न बोलता हंडा माझ्या हातातून काढून घेतला.

अजून तीन उन्हाळे आहेत.